थेट पडद्यावर

डॉसच्या काळात संगणक वापरलेल्या माणसाला एक आज्ञा न बघता टाइप करता यायची: 'मोड सीओ८०'. न बघता, कारण ती द्यायची वेळ यायची तेव्हा पडद्यावर बघण्याजोगं काही उरलेलंच नसायचं. एखादा गेम किंवा आलेख काढणारा प्रोग्रॅम मध्येच मरायचा आणि मरताना पडदा चित्रांच्या मोडमध्ये तसाच टाकून जायचा. मग कधी अक्षरं दुप्पट रुंद, कधी नुसतेच ठिपके, कधी काळोख. डॉस आत शाबूत असायचा, प्रॉम्प्ट मांडून बसलेला. तो आपल्याला दिसत नव्हता इतकंच. अशा वेळी अंदाजाने ती आज्ञा टाइप करून एंटर मारायचं, की पडदा पुन्हा ऐंशी स्तंभांचा आणि रंगीत व्हायचा. एकरंगी मॉनिटरवाल्यांसाठी 'मोड मोनो' होती. कशानेच जमलं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. ही तीन बटणांची युक्ती आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली या इंजिनिअरने मुळात आपल्याच चमूच्या सोयीसाठी केली होती. ती ग्राहकांच्या बोटांत इतकी मुरेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

प्रोग्रॅम पडदा बिघडवू कसा शकत होता, हे कळायला १९८१ पर्यंत मागे जावं लागतं. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर त्या वर्षी १२ ऑगस्टला जाहीर झाला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी डॉन एस्ट्रिजच्या हाताखालच्या लहानशा गटाने तो साधारण वर्षभरात उभा केला होता, बाजारात मिळणारे भाग जोडून. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. यंत्रासोबत पडद्याची दोन कार्डं मिळत. एक एमडीए, फक्त अक्षरांसाठी, एकरंगी, पण अक्षर सुबक. दुसरं सीजीए, रंगीत, चित्रंही काढणारं, पण अक्षर ठिपक्याठिपक्यांचं.

दोन्ही कार्डांवर स्वतःची स्मृती होती आणि ती प्रोसेसरला इतर स्मृतीसारखीच दिसायची. सोळा-आधारी अंकांत मांडलं तर एमडीएची स्मृती बी०००० या पत्त्यापासून सुरू होत असे, सीजीएची बी८००० पासून. पडद्यावर पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीत ऐंशी खाने, म्हणजे २००० खाने. आणि प्रत्येक खान्याला दोन बाइट, एक अक्षराचा, दुसरा त्याच्या रंगाचा. एकूण ४००० बाइट. बी८००० या पत्त्यावर ६५ हा आकडा लिहिला की डाव्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजी 'ए' उमटलाच. परवानगी कुणाचीच लागत नव्हती.

आयबीएमला हे असं चालायला नको होतं. पडद्यावर लिहायचं तर बायोसला सांगावं, अशी अपेक्षा होती. बायोस म्हणजे यंत्राच्या चिपमध्ये कायमचा भरलेला मूलभूत प्रोग्रॅम. त्याच्या घडणीतही ब्रॅडलीचा मोठा हात होता. त्याची तऱ्हा तालुक्याच्या कचेरीतल्या खिडकीची: प्रत्येक अक्षरासाठी वेगळा अर्ज. आधी कर्सर कुठे न्यायचा त्याचा अर्ज, मग तिथे काय लिहायचं त्याचा. दर वेळी बायोस मोड तपासणार, पत्ता काढणार, आणि मगच अक्षर ठेवणार. २००० खान्यांचा पडदा असा भरताना ४.७७ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि वापरणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसायचं. पडदा वरून खाली सावकाश भरत यायचा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी मग खिडकी टाळून मागच्या दाराने जायला सुरुवात केली. त्यांना दोष द्यावा असं मला तरी वाटत नाही. जानेवारी १९८३ मध्ये मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचं लोटस १-२-३ हे आकड्यांच्या तक्त्यांचं पॅकेज बाजारात आलं. ते असेंब्ली भाषेत लिहिलेलं होतं आणि पडद्याच्या स्मृतीत थेट लिहायचं. बाणाचं बटण दाबून धरलं की आकड्यांचा तक्ता सरसर सरकायचा. त्याच्या आधी कॉन्टेक्स्ट एमबीए नावाचं असंच सर्वगुणसंपन्न पॅकेज आलेलं होतं. ते पास्कलमध्ये लिहिलेलं, कुठल्याही यंत्रावर नेता येईल असं, नियमाला धरून. आयबीएम पीसीवर ते इतकं हळू चालायचं की लोटसपुढे टिकलं नाही. शिस्तीच्या प्रोग्रॅमचा बाजाराने लावलेला निकाल हा असा होता.

त्याचा तडाखा इतर यंत्रं बनवणाऱ्यांना बसला. डेकचं रेनबो, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं प्रोफेशनल, एचपी १५० या सगळ्या यंत्रांवर एमएस-डॉस चालायचं. काहींचा पडदा आयबीएमपेक्षा सरस होता. पण त्यांच्या पडद्याची स्मृती भलत्याच पत्त्यावर होती, त्यामुळे लोटसची आयबीएमसाठीची प्रत तिथे काही कामाची नव्हती. गिऱ्हाईक दुकानात येऊन दोनच प्रश्न विचारू लागलं: लोटस चालतं का, आणि मायक्रोसॉफ्टचं फ्लाइट सिम्युलेटर चालतं का? दोन्ही प्रोग्रॅम हार्डवेअरशी बिनदिक्कत थेट बोलणारे. कॉम्पॅकने हे ओळखून आपलं यंत्र पत्त्यापत्त्यांनिशी आयबीएमसारखं केलं आणि पैसा कमावला. घाईत ठरलेला एक पत्ता असा सगळ्या उद्योगाचा कायदा झाला.

थेट लिहिण्याची किंमत मात्र होती आणि ती सीजीए कार्डावर लगेच दिसायची. पडदाभर पांढरे ठिपके भुरभुरायचे. लोकांनी त्याला 'स्नो' म्हटलं. कारण साधं आहे. मॉनिटरचा इलेक्ट्रॉन झोत रेघेमागून रेघ काढत असतो, आणि प्रत्येक खान्याशी पोचायच्या आत कार्डाला तिथलं अक्षर आणि रंग स्मृतीतून उचलून द्यावा लागतो. ऐंशी स्तंभांच्या मोडमध्ये सीजीएच्या स्वस्त स्मृतीला हे जेमतेम झेपायचं. नेमक्या त्याच क्षणी प्रोसेसरने तिथे हात घातला तर प्राधान्य प्रोसेसरला. कार्डाच्या हाती त्या क्षणी तारांवर जे असेल ते लागायचं आणि तेच ते पडद्यावर रंगवून मोकळं व्हायचं. चाळीस स्तंभांत किंवा चित्रांच्या मोडमध्ये असं होत नसे. एमडीएवरची स्मृती वेगवान होती, तिथेही नाही.

उपाय कार्डाच्याच एका पोर्टवर होता, ३डीए या क्रमांकाच्या. झोत एक रेघ संपवून पुढच्या रेघेच्या सुरुवातीला परत जात असताना त्या पोर्टवरचा एक बिट चालू व्हायचा. त्या फटीत लिहिलं तर कुणाला काही दिसणार नाही. प्रोग्रॅमने सतत त्या पोर्टकडे बघत राहायचं, फट आली की एक खाना भरायचा, पुन्हा वाट बघायची. सेकंदाला सुमारे १५,७०० रेघा. प्रत्येक फटीत एक खाना धरला तर अख्खा पडदा सेकंदाच्या आठव्या हिश्शात भरतो. बायोसला लागला असता त्याहून कितीतरी कमी वेळ. पडदा वर सरकवताना मात्र बायोस स्वतः दुसरीच पळवाट काढायचं: तेवढ्यापुरता पडदा बंदच करून टाकायचं. म्हणून डॉसमध्ये लांब यादी सरकताना सीजीएचा पडदा लुकलुकायचा. ज्यांनी ते रोज पाहिलं त्यांच्या डोळ्यांना विचारा.

पुढे गंमत अशी झाली की कॉम्पॅकसारख्यांची सीजीए-सुसंगत कार्डं आली, त्यांत स्नो नव्हताच. तरी प्रोग्रॅम बापडे फटीची वाट बघत थांबायचे. १९८७ च्या टर्बो पास्कल ४ मध्ये बोरलंडने यासाठी 'चेकस्नो' नावाचा स्विच दिला, आणि शेजारी 'डायरेक्टव्हिडिओ' नावाचा दुसरा. प्रोग्रॅमरने ठरवायचं: कचेरीतून जायचं की थेट, आणि थेट जायचं तर फट बघून की बिनधास्त. म्हणजे सहा वर्षांत गैरवर्तन हे पर्यायांच्या यादीत रीतसर दाखल झालं होतं.

दुसरा नेहमीचा घोटाळा पत्त्याचा. लिहिणाऱ्याच्या टेबलावर सीजीए असेल तर त्याने डोळे मिटून बी८००० धरलेलं असायचं. तो प्रोग्रॅम एमडीएच्या यंत्रावर गेला की पडदा रिकामा. कुठलं कार्ड आहे ते बायोसच्या नोंदीत बघायची सोय होती; आळशी माणूस ती बघत नसे. अशा प्रोग्रॅमला ठीक करणारे हौशी लोक डॉससोबत येणारा 'डीबग' काढायचे. बी८०० हा पत्ता (बी८०००च, शेवटचं शून्य गाळून) प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये भरायची सूचना यंत्रभाषेत 'बी८ ०० बी८' अशी तीन बाइटांची असते. ती शोधायची, शेवटच्या बी८ चा बी० करायचा, फाइल परत लिहायची. कॉपी करून ठेवली नसेल तर देवाचं नाव घेऊन. अमेरिकन संगणक मासिकांत अशा दुरुस्त्यांच्या छोट्या डीबग स्क्रिप्टा छापून यायच्या आणि वाचक त्या आकड्याआकड्याने उतरवून घ्यायचे.

एकरंगी सुबक अक्षर आणि चित्रं दोन्ही हवी असलेल्यांची सोय आयबीएमने केली नाही, ती केली व्हॅन सुवन्नुकुल या थाई विद्यार्थ्याने. कॅलिफोर्नियात राहून त्याला आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता. एमडीएला ठरलेल्या अक्षरसंचाबाहेरचं अक्षर काढता येत नव्हतं, आणि सीजीएच्या २०० रेघांत थाई स्वरचिन्हं मावत नव्हती. त्याने १९८२ मध्ये ७२० बाय ३४८ ठिपक्यांचं हर्क्युलिस कार्ड बनवलं. ते जगभर पसरलं. आपल्याकडेही रंगीत मॉनिटर परवडायचा नाही तेव्हा हर्क्युलिसच्या जातीची एकरंगी कार्डं सर्रास असायची. पण गेम सगळे सीजीएसाठी लिहिलेले. त्यावर 'सिमसीजीए' नावाचा चिमुकला प्रोग्रॅम आधी चालवून ठेवायचा. हर्क्युलिसच्या स्मृतीचं दुसरं पान नेमकं बी८००० वरच सुरू व्हायचं. त्याचा फायदा घेऊन तो गेमला आपण रंगीत कार्डावर आहोत असं भासवत ठेवायचा. चार रंगांच्या जागी ठिपक्यांच्या दाट-विरळ नक्ष्या दिसायच्या. भागायचं.

लिपीची अडचण थाईपुरती नव्हतीच, आणि इथे गोष्ट थोडी पुढे, पुण्यात येते. आयआयटी कानपूरमध्ये देवनागरी संगणकावर काम चालू होतं. त्यातून निघालेलं जिस्ट तंत्रज्ञान, त्यावर काम करणाऱ्या मोहन तांबे यांच्यासोबत, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आलं. जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं की वर्डस्टार, डीबेस, लोटस यांसारख्या इंग्रजी प्रोग्रॅममध्ये मराठी टाइप करता यायचं. त्या प्रोग्रॅमांना याची गंधवार्ता नसायची. त्यांच्या दृष्टीने पडद्यावर बाइट होते; ते अक्षर कसं दिसतंय हा कार्डाचा प्रश्न. 'क्ष' टाइप केला तर प्रोग्रॅम तीन बाइट मोजायचा: क, हलंत, ष. कार्डाने त्यांची जुळणी करून एक अक्षर दाखवायचं, तेही प्रोग्रॅमच्या ऐंशी खान्यांची मांडणी न मोडता.

खरी टक्कर झाली चौकटींशी. आयबीएमच्या अक्षरसंचात १२८ च्या पुढच्या जागांवर मेनूभोवती चौकटी काढायच्या रेघा होत्या. भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली इस्की, जी १९९१ मध्ये आयएस १३१९४ म्हणून पक्की झाली, तिनेही अक्षरं १२८ च्या पुढेच ठेवली, रोमनला धक्का लागू नये म्हणून. आता दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बघा. १७९ म्हणजे आयबीएमची उभी रेघ. इस्कीत तोच 'क'. १९६ म्हणजे आडवी रेघ, इस्कीत 'द'. वरचा उजवा कोपरा १९१ म्हणजे 'ड', खालचा डावा १९२ म्हणजे 'ढ', आणि वरचा डावा २१८ म्हणजे नुसता काना. म्हणजे इस्कीच्या नजरेतून साध्या मेनूची वरची कड 'ादददददद...ड' अशी वाचली जाणार आणि दोन्ही बाजूंनी वरून खाली 'क'ची रांग लागणार. उलट, मराठी मजकुराची फाइल कार्ड नसलेल्या यंत्रावर उघडली की रेघांचे तुकडे, ग्रीक अक्षरं, हलंताच्या जागी फाय आणि दंडाच्या जागी ओमेगा. प्रोग्रॅममध्ये दोष नाही, संकेतावलीत नाही. दोघांनी एकच जागा धरली होती. यावर तोडगा म्हणून पीसी-इस्की नावाची निराळी मांडणी आली. तिच्यात चौकटीच्या रेघांना हात न लावता अक्षरं त्यांच्या अलीकडे-पलीकडे वाटून दिली होती. चौकटी वाचल्या, पण मराठीला दोन तक्ते झाले, आणि एकातून दुसऱ्यात नेणारे रूपांतरक आले.

तिकडे अमेरिकेत तोवर वेगळाच गुंता झाला होता. १९८४ मध्ये बोरलंडचं साइडकिक आलं: दोन बटणं दाबली की चालू असलेल्या प्रोग्रॅमवर वही, कॅल्क्युलेटर, दिनदर्शिका उगवायची. खालचा पडदा जपून ठेवायचा आणि जाताना परत मांडायचा, एवढंच काम. अक्षरांच्या मोडमध्ये ४००० बाइटांची नक्कल केली की झालं. पण त्याच वर्षी आयबीएमने ईजीए कार्ड आणलं आणि त्याची रजिस्टरं (मोड, रंग यांच्या नोंदींचे कप्पे) फक्त लिहिता येणारी ठेवली. कार्डात काय भरलंय ते कुणालाच वाचता येईना. वर उगवणारा प्रोग्रॅम पडदा बदलू शकत होता, पण आधी तो कसा होता हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. परत जाताना रंग भलतेच, चित्र फाटलेलं. मायक्रोसॉफ्टने 'ईजीए.सिस' नावाचा ड्रायव्हर दिला, जो रजिस्टरांत काय भरलं त्याची प्रत जपून ठेवायचा. १९९१ च्या एमएस-डॉस ५ मध्येसुद्धा, ईजीएवर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात जायचं तर तो ड्रायव्हर लावा असा सल्ला होता. आयबीएमला चूक उमगली ती १९८७ च्या व्हीजीएत: रजिस्टरं वाचता येऊ लागली. तेवढ्या एका बचतीपायी किती संध्याकाळी वाया गेल्या असतील!

अनेक प्रोग्रॅम एकाच पडद्यावर खिडक्यांत बसवायचे तर हे थेट लिहिणारे सगळ्यांत मोठी डोकेदुखी. खिडकीच्या बाहेर, शेजाऱ्याच्या अंगावर लिहायला ते कचरत नव्हते. अशा खिडक्या मांडणाऱ्या आयबीएमच्या टॉपव्ह्यूने १९८५ मध्ये तडजोड सुचवली. प्रोग्रॅमने बायोसला एकदाच विचारायचं: पडदा बी८००० वरच आहे ना? टॉपव्ह्यू चालू असेल तर उत्तरात दुसरा पत्ता येई, त्या प्रोग्रॅमपुरत्या खोट्या पडद्याचा. टॉपव्ह्यू नसेल तर तोच पत्ता परत. वेगही राहिला, शेजारधर्मही. क्वार्टरडेकच्या डेस्कव्ह्यूने हीच पद्धत उचलली. ही अगदी शहाणी कल्पना होती. फक्त ती पाळायला जुने प्रोग्रॅम नव्याने लिहायला हवे होते. लोटसवाल्याला काय पडलं होतं?

म्हणून पिफ फाइल आली. प्रत्येक डॉस प्रोग्रॅमसाठी एक छोटी माहितीफाइल, आणि तिच्यात खूण करायची: हा पडद्यावर थेट लिहितो का? नोव्हेंबर १९८५ च्या पहिल्या विंडोजनेही हीच पिफ घेतली. 'हो' अशी खूण केली की विंडोज त्या प्रोग्रॅमला सगळा पडदा देऊन बाजूला व्हायचं. म्हणजे उनाड पोरांची यादी ठेवली जायची आणि त्यांना स्वतंत्र खोली दिली जायची. लोकांना ज्या प्रोग्रॅमसाठी संगणक हवा होता ते बहुतेक सगळे त्या यादीत होते.

सुटका झाली ती इंटेलच्या ३८६ मुळे. या प्रोसेसरमध्ये पत्ता जिथला सांगितलाय तिथे न नेता भलतीकडे वळवण्याची सोय होती, ४०९६ बाइटांच्या पानापानाने. अक्षरांचा अख्खा पडदा ४००० बाइटांचा, एका पानात मावणारा. १९८७ च्या विंडोज/३८६ ने आणि क्यूईएमएम या स्मृती सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या जोडीने डेस्कव्ह्यूने बी८००० चं पानच प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळं केलं. प्रोग्रॅम आपल्या मते पडद्यावर थेट लिहीत असे. प्रत्यक्षात ते साध्या स्मृतीच्या एका कोपऱ्यात जात असे आणि व्यवस्था तिथून उचलून खिडकीत रंगवत असे. पोर्टला हात लावला तरी प्रोसेसर मध्येच अडवून व्यवस्थेला कळवायचा. कुठलाही प्रोग्रॅम सुधारला नाही, कुणाला समजवावं लागलं नाही. विंडोज ३ च्या पिफमध्ये काही चौकोन तरी उरलेच: कुठल्या मोडमध्ये पोर्टांवर नजर ठेवायची, व्हिडिओची स्मृती राखून ठेवायची का. काही गेम इतके चपळ होते की त्यांना नजरेत ठेवलं की ते रडतखडत चालायचे.

या गैरवर्तनाला आता कसबाचा दर्जा मिळाला आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या सारब्र्युकन इथे रिव्हिजन नावाच्या स्पर्धेत '८०८८ एमपीएच' हा प्रोग्रॅम जुन्या यंत्रांच्या गटात पहिला आला. यंत्र १९८१ च्या जातीचं, कार्ड मूळ सीजीए, जोडणी टीव्हीसारख्या कॉम्पोझिट पडद्याला. झोत नेमका कुठे आहे याचा हिशेब ठेवून त्याने पडद्यावर १०२४ रंग दाखवले. त्या वेळच्या इम्युलेटरांवर, म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमांवर, तो धड चालत नव्हता, कारण सगळे जण सीजीएची शिस्तशीर नक्कल करत होते. डॉसबॉक्स-एक्स या इम्युलेटरमध्ये तर स्नो मुद्दाम पाडायची सोय आहे. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ बदलली की ठिपके भुरभुरायला लागतात.